आक्काच्या भांड्यांना कल्हई : दारावर येणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

पुण्याच्या पश्चिमेकडील उपनगरांत, गृहसंकुलांच्या आवारात येऊन पितळी आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई करून देणारे एक बापलेक आहेत. त्यांच्या व्यवसायाला नाव नाही, टेंपोवर पाटी नाही आणि पावतीपुस्तकही नाही. एका सोसायटीच्या रखवालदाराकडून दुसऱ्या सोसायटीच्या रखवालदाराकडे जाणारा मोबाइल क्रमांक हीच त्यांची जाहिरात. गेल्या दिवाळीच्या आधी मी त्यांच्याकडून घरातील जुन्या भांड्यांना कल्हई करून घेतली आणि ती भांडी काही महिने रोजच्या स्वयंपाकात वापरल्यानंतर आता हे लिहीत आहे. भांडे चकचकीत होऊन हातात येते त्या दिवशी कल्हईची परीक्षा होत नाही, चिंचेची आमटी त्यात चार वेळा उकळल्यावर ती होते, हे मला जिने शिकवले तिचीच ही भांडी आहेत. त्यामुळे या परीक्षणातील निकष माझे कमी आणि तिचे अधिक आहेत.

आक्का म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. विशी उलटण्यापूर्वीच वैधव्य येऊन ती वाईला माहेरी परतली आणि त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक मधल्या आळीतील आमच्या घराचे स्वयंपाकघर तिच्या ताब्यात राहिले. माझी आई शाळेत शिकवत असे, त्यामुळे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी आक्काच्या पायांत घोटाळत असे. अक्षरे तिने गिरवून घेतली, पाढे तिने पाठ करून घेतले आणि कोणत्याही वस्तूकडे कसे पाहायचे हेही तिनेच शिकवले. ती लाड करणारी नव्हती. मांडीवर घेऊन गोष्टी सांगणे हा तिचा स्वभाव नव्हता. तिच्या सहवासात राहायचे तर हाताला काम लागे, आणि ते काम बिघडले तर ती न रागावता ते पुन्हा करायला लावी.

साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घरोघरी शिरले, तेव्हा आळीतील बहुतेक घरांतून पितळेची मोड निघाली. तपेली, गंज, घंगाळी वजनावर देऊन त्या बदल्यात घासायला सोपी, कल्हईची कटकट नसलेली भांडी आणण्यात बायकांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही; रोज चिंच आणि राख घेऊन ढीगभर भांडी घासणाऱ्या हातांना तो मोठाच दिलासा होता. आमच्या घरातही ताटे-वाट्या स्टीलच्या आल्या आणि आक्काने त्यांचे स्वागत केले. मात्र दूध तापवायची बोघणी, आमटीचे पातेले, भाताचे तपेले आणि सणावाराची लंगडी, म्हणजे पसरट मोठे पातेले, तिने मोडीत जाऊ दिली नाही. त्यामागे वडिलार्जित वस्तूंबद्दलचा उमाळा नव्हता. स्टीलच्या पातेल्यात दूध बुडाला लागते आणि बोघणीत लागत नाही, एवढाच तिचा मुद्दा होता. पितळ हे स्टेनलेस स्टीलपेक्षा उष्णता साधारण सात पट चांगली वाहून नेते, त्यामुळे आच एका जागी न साठता सगळ्या भांड्यात पसरते, हे शास्त्र मला पुष्कळ नंतर कळले. आक्काला ते बुडाशी साचलेल्या खरपुडीवरून कळलेले होते.

पितळेची अडचण आंबटापाशी येते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. ताक, चिंच, आमसूल, टोमॅटो असे काही त्यात राहिले की तांबे त्यात उतरते, पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्याला मळमळ-उलट्यांचा त्रास होतो. म्हणून आतून कथलाचा, म्हणजे टिनचा, पातळ थर द्यायचा, तीच कल्हई. हा थर कायमचा नसतो. रोजच्या वापरातील भांड्याची कल्हई काही महिन्यांत जागोजागी उडते आणि खालचे पिवळे दिसू लागते, तेव्हा ते भांडे आंबटातून बाद करून कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते.

वाईत आमच्याकडे येणारा कल्हईवाला दिवाळीच्या आधी आणि कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाच्या सुमारास येत असे, कारण उत्सवाच्या जेवणावळींची मोठी भांडी त्याच वेळी माळ्यावरून खाली उतरत. आळीच्या तोंडाशी जमिनीत खड्डा करून तो त्यात कातडी भात्याची नळी पुरी आणि भट्टी पेटवी. त्याचा मुलगा मोठ्या पातेल्यात वाळू आणि फडके टाकून, स्वतः त्यात उभा राहून, कमरेला झोके देत पायांनी ते आतून घासून काढी. तसे उभे राहायला मिळावे ही आम्हा मुलांची इच्छा असे. मुलीने हे करायचे नाही, असे घरातील इतर बायका म्हणत असताना आक्काने मला एकदा पातेल्यात उतरवले होते. पायाला वाळू कशी लागते ते कळल्याशिवाय भांडे स्वच्छ झाले की नाही हे कसे कळणार, असा तिचा प्रश्न होता आणि त्याला कोणाकडेच उत्तर नव्हते.

तिची पहिली तपासणी भट्टी पेटण्यापूर्वीची असे. कल्हईवाल्याने आणलेली कथलाची कांडी ती त्याला कानाजवळ वाकवून दाखवायला सांगे. शुद्ध कथील वाकवले की त्यातून बारीक कडकड ऐकू येते, शिसे वाकवले तर येत नाही. मग तीच कांडी ती माझ्या जुन्या वहीच्या कागदावर घासून पाही, कारण शिसे कागदावर काळसर रेघ ओढते. कथलात शिशाची भेसळ केली तर कल्हई स्वस्त पडते आणि अन्नातून शिसे पोटात जाते, हे तिने कुठे वाचले होते की कोणा जाणत्या कल्हईवाल्याकडून ऐकले होते, ते मी कधी विचारले नाही. दर आधी ठरे आणि काम झाल्यावर त्यात ती एक पैसाही कापत नसे. नवे पैसे 1957 मध्ये आले, तरी माझ्या लहानपणीही आक्काचा हिशेब आण्यांतच चाले. बारा आण्यांनी, म्हणजे पाऊण रुपयाने, सात भांडी असली की कल्हईवाल्याने तोंड उघडण्यापूर्वी मी पाऊणकी म्हणून ‘सव्वापाच रुपये’ हे उत्तर द्यायचे, असा नियम होता. पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मी शाळेत नव्हे, अशा हिशेबांवर शिकले.

दुसरी तपासणी काम झाल्यावरची. “भांडं बोटानं बघायचं,” असे म्हणून ती माझा अंगठा भांड्याच्या आतून, काठाच्या वळणाखालून आणि बुडाच्या कोपऱ्यातून फिरवी. कल्हईवाले हात आखडता घेतात तो याच दोन जागी, कारण वरून पाहणाऱ्याच्या नजरेला त्या पडत नाहीत. थर सारखा असेल तर बोट अडखळत नाही. कथील जास्त होऊन साचले असेल तर बारीक गाठ लागते आणि कमी पडले असेल तर तेथे पितळेचा खरखरीतपणा जाणवतो.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर आक्काचे चित्र खोटे ठरेल. तो कल्हईवाला मुसलमान होता. त्याने हाताळलेली भांडी अग्नीतून निघाली म्हणून शुद्ध झाली, असा निर्वाळा देऊन ती थेट स्वयंपाकघरात घेई आणि त्यावर कुरकुर करणाऱ्या माझ्या आजीला गप्प करी. त्याला दुपारची भाकरी-भाजीही ती आठवणीने देई. परंतु त्याचा चहाचा कप वेगळा होता, तो ओटीच्या खिडकीत ठेवलेला असे, आणि तो तसाच वेगळा राहिला. तिच्या न्यायबुद्धीचे इतके दाखले देता येतात की हा कप विसरून जाणे मला सोयीचे झाले असते.

आता या बापलेकांच्या कामाविषयी. ठरलेल्या दिवशी ते आले नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी आले, आणि तेही आमच्या संकुलातून किमान दहा भांडी जमत असतील तरच भट्टी लावू असे फोनवर बजावून. ही अट मला रास्त वाटते. कोळसा पेटवून भट्टी तापवण्याचा खर्च दोन भांड्यांत निघत नाही, आणि कथील हा तांब्याच्याही कितीतरी पट महाग धातू आहे. दर भांड्याच्या आकारावर होता. मध्यम पातेल्याला अडीचशे आणि लंगडीला चारशे रुपये. भाव केला असता तर कदाचित थोडे उतरले असते. मी केला नाही, कारण कथिलाची कांडी वाकवून दाखवा म्हटल्यावर वडील हसले आणि “ताई, हे आता कोणी विचारत नाही,” असे म्हणत त्यांनी ती स्वतः माझ्या कानाशी आणून वाकवली. आवाज स्पष्ट आला. कागदावर रेघ उमटली नाही.

त्यांची भट्टी कोळशाची आहे आणि भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आहे. आधी सौम्य अम्लाने आणि नंतर वाळूने भांडे आतून पुरते पिवळे होईपर्यंत घासले जाते. मग ते निखाऱ्यांवर फिरवत तापवतात, त्यात नवसागराची पूड भुरभुरतात, आणि पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथलाची कांडी तापलेल्या पितळेला टेकवून कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील एका झटक्यात सर्व बाजूंना पसरवतात. त्या क्षणी पिवळे भांडे आतून रुपेरी होते आणि लगेच पाण्यात बुडवले जाते. सगळे कौशल्य आचेच्या अंदाजात आहे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. भांडे त्याहून थंड असेल तर कथील धरत नाही आणि फार तापले तर ते काळवंडते. वडिलांचा हा अंदाज अचूक आहे. ते भांडे निखाऱ्यांवरून उचलून पुन्हा टेकवत राहतात आणि बोलत असतानाही त्यांची नजर धातूच्या रंगावरून हलत नाही. मुलगा घासण्याचे काम मन लावून करतो, पण बोळा अजून वडीलच फिरवतात.

नवसागराचा धूर घशाला झोंबतो, याची कल्पना इतर रहिवाशांना आधी द्यायला हवी होती. भट्टी वाहनतळाच्या उघड्या कोपऱ्यात लावली असूनही पहिल्या मजल्यावरील एका कुटुंबाने तक्रार केली आणि तिच्यात तथ्य होते. दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांनी त्या वेळी दूर राहणे बरे. या सेवेकडे स्वतःची सूचनापत्रके नाहीत, तेव्हा ज्याने त्यांना बोलावले त्यानेच ही जबाबदारी घ्यावी लागते.

अंगठा फिरवून पाहिल्यावर पातेले, तपेले आणि लंगडी निर्दोष निघाली. लंगडीच्या काठाखालचे वळण तर अपेक्षेपेक्षा चांगले साधले होते. बोघणीच्या बुडाशी एक गाठ होती, ती त्यांनी पुन्हा तापवून पुसून काढली. चरवीचे काम मात्र समाधानकारक नाही. तिचे तोंड अरुंद असल्यामुळे चिमट्यात धरलेला बोळा खांद्याच्या आतील बाजूला पोहोचत नाही, आणि दोन वेळा करूनही तेथे पिवळा पट्टा राहिला. त्यांनी चरवीचे पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ती आता मी फक्त कोरडे धान्य ठेवायला वापरते.

बाहेरच्या बाजूबद्दल मी अधिक सावध होते आणि त्याला कारण आहे. जुन्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले असते. आक्काच्या लंगडीवर ‘चि. सौ. कां.’ अशी सुरुवात करून तिचे सासरचे नाव आणि लग्नाची तिथी आहे. रुखवतात आलेली ही लंगडी तिने परतताना बरोबर आणली, आणि पुढे आयुष्यभर ‘सौ.’ लिहिलेल्या त्या भांड्यात घराचे श्रीखंड-पुरणाचे सण शिजवले. ते नाव खरवडून काढावे असे कोणी सुचवले तेव्हा नावाला चव नसते, एवढे म्हणून तिने विषय संपवला, असे माझी आई सांगे. काही वर्षांपूर्वी शहरातील एका भांड्यांच्या दुकानात मी तिचे भाताचे तपेले चमकवण्यासाठी दिले होते. त्यांनी ते यंत्राच्या चाकावर धरले, आणि तपेले आरशासारखे होऊन परत आले तेव्हा आजोबांनी बहिणीसाठी घालून घेतलेले नाव जवळजवळ पुसले गेले होते. दुकानदाराच्या मते ते डाग होते.

या बापलेकांनी बाहेरून यंत्र लावले नाही, कारण त्यांच्याकडे यंत्रच नाही. चिंच, मीठ आणि राख यांनी हाताने घासून त्यांनी भांडी दिली, त्यामुळे ती पिवळीधमक झाली पण झगमगत नाहीत, आणि लंगडीवरील प्रत्येक ठिपका वाचता येतो. मुलाने तिथीवरून बोट फिरवत भांडे किती जुने असेल याचा वडिलांबरोबर हिशेब केला, तो मला आवडला. पोचे काढणे, सुटलेला कान बसवणे ही कामे ते करत नाहीत. त्यासाठी आजही कसबा पेठेतील तांबट आळीत जाणे चांगले. मठारकाम, म्हणजे भांड्यावरचे ठोक्यांचे काम, करणाऱ्या हातांनाच ठोका कुठे आणि किती द्यायचा ते कळते. हे काम कल्हईच्या आधी करून घ्यावे, नंतर केल्यास ठोक्यांनी थर उडतो.

वापराच्या बाबतीत सांगायचे तर, पहिल्या दिवशी पाणी उकळून टाकून दिले आणि दुसऱ्या दिवसापासून पातेले आमटीला लागले. चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोचे सार, आमसुलाचा कढ यांपैकी काहीही आजवर कळकलेले नाही. बोघणीत दूध बुडाला लागत नाही आणि सायही जाड येते, निदान मला तसे वाटते. कल्हई टिकवण्यासाठी जे पाळावे लागते ते सगळे आक्काच्या स्वयंपाकघरात नियम म्हणून होतेच, फक्त त्यांची कारणे ती क्वचितच सांगे. रिकामे भांडे आचेवर ठेवायचे नाही, कारण कोरड्या भांड्याचे तापमान पाहता पाहता कथलाच्या वितळबिंदूपर्यंत चढते. फोडणी कधीही कल्हईच्या भांड्यात करायची नाही, ती लोखंडी पळीत करून वरून घालायची. वरून घातलेल्या फोडणीचा चुर्रर्र आवाज मी वर्षानुवर्षे आक्काची हौस समजत होते. तापलेल्या तेलापासून ती कथील वाचवत होती. तळण लोखंडी कढईत. ढवळायला लाकडी डाव. घासायला तारेची घासणी नाही, नारळाची शेंडी किंवा मऊ फडके. हे कोणाला जाचक वाटत असेल तर त्यांनी कल्हईच्या खर्चात पडू नये, कारण महिन्याभरात थर उडेल आणि दोष कारागिराला दिला जाईल.

ज्यांना पितळेची भांडी दिवाणखान्यात मांडण्यासाठी हवी आहेत त्यांच्याही उपयोगाची ही सेवा नाही. शोभेच्या भांड्याला आतून कल्हईची गरज नसते आणि बाहेरची झळाळी हे लोक देत नाहीत. अशी मांडलेली भांडी मी अनेक घरांत पाहते. त्यांतील कित्येक कोणा ना कोणा आजीची, काकूची, आत्याची असतात आणि त्यांच्यावर लिंबू पिळायचीही यजमानांची तयारी नसते. आक्काला हे पटले नसते. अमुक भांडे जपून ठेव, असे तिने कधीच सांगितले नाही. जाण्याच्या आधीच्या वर्षी तिने ही भांडी माझ्या आईला देताना कोणत्या भांड्यात किती माणसांचे वरण होते आणि कोणत्यात दोन मापटी भात नीट शिजतो, एवढेच सांगितले होते.

वेळ पाळणे, धुराची पूर्वसूचना आणि अरुंद तोंडाची भांडी या तीन बाबी सोडल्या तर काम चोख आहे, कथील शुद्ध आहे आणि दर परवडणारे आहेत. पातेल्याच्या मध्यभागी, जेथे डाव सतत फिरतो, तेथे आता रुपयाएवढी पिवळी झाक दिसू लागली आहे. रोजच्या वापरात एवढ्या महिन्यांनी ते अपेक्षितच आहे. गौरी-गणपतीच्या आधी मी त्यांना पुन्हा बोलावणार आहे. तोपर्यंत आमटी बोघणीत होईल आणि दूध पातेल्यात.